बँडला सुपारी दिली

देवपूर, धुळे
३ नोव्हेंबर २०२५

चि. कुंदन, तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोन का नाही केला विचारशील, तर आबांना कमी ऐकू येतं म्हणून तुमचा फोन कायम स्पीकरवर. मी नुसतं 'जेवलास का' म्हटलं तरी अर्धं फैजपूर 'हो' म्हणतं. मला जे विचारायचंय ते गल्लीला ऐकवायचं नाही.

पाकिटात एक फोटो आहे, नीट बघ. आमचा स्वप्नील जळगावला ज्या कॉलेजात इंजिनिअरिंग करतोय, तिथे जुन्या स्नेहसंमेलनांचे फोटो लावलेत. त्याने मोबाइलवर पाठवला, "आई, हा पहिल्या रांगेतला मामा ना?" मी दुकानात जाऊन मोठा काढून आणला. एका कडेला मंचाचा पडदा, त्यावर रंगवलंय, 'झळ, नाशिक', आणि खाली तारीख. पुढे पोरं दोन्ही हात वर करून ओरडताहेत, आणि मधोमध आमचे बंधुराज, तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी.

आधी मला हसू आलं. आबांसमोर मान वर न करणारा माझा भाऊ इतका ओरडू शकतो! मग तारीख वाचली. ७ फेब्रुवारी १९९९, रविवार. शनिवारी माझा साखरपुडा झाला, आणि दुसऱ्या दिवशी आबांनी तुला बोदवडला पाठवलं, नथ्थू मास्तरच्या बँडला लग्नाची सुपारी द्यायला. भुसावळहून एक गाडी बोदवडला जाते आणि दुसरी उलट्या तोंडाने जळगावला. तू दोन्हीत कसा बसलास ते एकदा सांग.

तुझी,
कामिनीअक्का

◆

फैजपूर
१४ नोव्हेंबर २०२५

ती. अक्काला कुंदनचा नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, बँकेचं नाही, माणसाचं आहे. सगळ्यांना नवल वाटलं. इकडे थंडी लवकर पडली, केळीचे घड भरायचे थांबलेत. आबा बरे आहेत. सकाळी मळ्यापर्यंत काठी टेकत जातात आणि मी कसं पाणी चुकीचं सोडलंय ते सांगत परत येतात.

फोटो पाहिला. अक्का, तो मी नाही. त्या वेळी सगळ्याच पोरांचे केस तसे होते आणि सगळेच तसे वाळके होते. माझा दोस्त चंदन असेल. त्याचा मोठा भाऊ त्या कॉलेजात होता, तो जायचा असल्या कार्यक्रमांना.

सुपारीचं मी तेव्हाही सांगितलं आणि आजही तेच सांगतो. बँडला सुपारी दिली, ते येतो म्हणाले, आले नाहीत. यापुढे मला काही माहीत नाही. आबांना एक्याऐंशी चालू आहे, मागच्या वर्षीच छातीत स्प्रिंग बसवली. हा विषय त्यांच्या कानावर जायला नको. तुला हात जोडतो.

स्वप्नीलला म्हणावं, फोटो बघण्यापेक्षा अभ्यास कर.

तुझा,
कुंदन

◆

धुळे
२० नोव्हेंबर २०२५

कुंदन,

चंदनला मी शर्ट कधी शिवला?

फोटोतल्या शर्टाचा खिसा बोटभर खाली बसलाय. मी शिवणक्लासात शिवलेला पहिला शर्ट आहे तो. खिसा वाकडा म्हणून तू दोन दिवस अन्न सोडलं होतंस, आणि नंतर तोच शर्ट विरेपर्यंत घातलास. आज माझ्या क्लासात चाळीस मुली शिकतात. टाका कुठे चुकवलाय ते मला लांबून दिसतं. तुझ्या पत्रातही दिसला. तू 'नथ्थू मास्तरला दिली' असं लिहीत नाहीस. नुसतं 'बँडला' म्हणतोस. तेव्हाही तसंच म्हणाला होतास, मला आठवतं.

ऐक, मी तुला पहिल्यांदाच सांगते. बोलणीत बँड आपल्याकडे होता. अखाजीनंतरचा ऐन मे महिना, गावात त्या दिवशी आणखी चार लग्नं, आयत्या वेळी कुठून मिळणार दुसरा? माझा नवरा पारावरून मांडवात आला तो ताशाशिवाय, पिपाणीशिवाय. नुसता चपलांचा आवाज. माझ्या सासूने त्याला 'मुकी वरात' नाव ठेवलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. घरात काही बिघडलं, दूध नासलं, की "मुक्या वरातीची आली, दुसरं काय होणार!" मी ऐकून घेतलं आणि देवासमोर दिवा लावताना नथ्थू मास्तरला शिव्या घातल्या. रोज. वर्षानुवर्षं.

आणि कानपिळीला तू नव्हतास. नवऱ्याचा कान पिळायला भाऊ हवा, गुरुजी हाका मारून थकले. शेवटी चुलतभावाने पिळला. मला वाटलं, अक्का जाणार म्हणून पोरगं कुठेतरी कोपऱ्यात रडत बसलं असेल. मी तुझ्यासाठी रडले रे.

कुठे होतास?

अक्का

◆

फैजपूर
७ डिसेंबर २०२५

अक्का,

फाट्यावर होतो. त्यांच्या गाडीची वाट बघत.

आता सगळं लिहितो. तीन कागद फाडलेत, हा चौथा.

झळची कॅसेट चंदनने आणली होती. मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत आम्ही ती वाजवायचो. नाशिकची चार पोरं, मराठीत गाणी, पण आपल्या ऐकण्यातली नाहीत. गिटार अशी की पत्रा कापल्यासारखी. एक गाणं होतं, 'भर दुपार', उन्हात काम करणाऱ्या पोराचं. ते मला माझंच वाटायचं. घरात मला कोणी काही विचारत नव्हतं अक्का, सांगायचे फक्त. पाणी सोड, ओझं उचल, बोदवडला जा.

त्या रविवारी पिशवीत नारळ आणि हळदकुंकू लावलेली सुपारी घेऊन मी भुसावळला उतरलो. स्टेशनवर चंदन. म्हणाला, भावाने दोन पास दिलेत, आज झळ आहे जळगावला. बोदवडची गाडी समोर उभी होती. मी म्हटलं, सुपारी उद्या देऊ. खरंच असंच म्हटलं.

पाच वाजता सुरू झालं. कॉलेजचं मैदान, पुढे सतरंज्या, पण बसलं कोणी नाही. पहिल्यांदा ढोल वाजला तेव्हा तो कानात नाही, पोटात वाजला. विहिरीवरची मोटार छातीत बसवल्यासारखं झालं. गाणारा चष्मेवाला, काडीसारखा, आमच्या गणिताच्या सरांसारखा दिसणारा. त्याने तोंड उघडलं आणि माझ्या अंगावर काटा आला तो शेवटपर्यंत गेला नाही. तिसऱ्या गाण्यात वीज गेली. सगळं बंद, फक्त ढोलवाला थांबला नाही. त्याला विजेची काय गरज? पाच मिनिटं तो एकटा वाजवत होता आणि आम्ही हजार पोरं टाळ्यांनी त्याला धरून होतो. मग जनरेटर लागला आणि गिटार एकदम आत घुसली. अक्का, मी ओरडलो. सोळा वर्षांत पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. तुझ्याकडे आलाय तो फोटो तेव्हाचाच असेल. त्यानंतर माझं लग्न झालं, पोरी झाल्या, केळी परदेशात गेली, सगळं चांगलं झालं. पण तसा मी परत कधीच झालो नाही. हे वाचून तुला राग येईल, तरी खरं ते खरं.

कार्यक्रम संपल्यावर मी मंचाच्या मागे गेलो. चौघं चहा पीत होते. माझ्या हातात पिशवी. आणि मला काय झालं कोण जाणे, मी नारळ आणि सुपारी काढून त्या चष्मेवाल्याच्या हातात दिली. म्हटलं, "आमच्या अक्काचं लग्न आहे, फैजपूरला. तुम्ही वाजवायला या." बाकीचे हसले. तो हसला नाही. सुपारी कपाळाला लावली आणि म्हणाला, "येऊ की भावा."

मी ते खरं मानलं. आपल्याकडे सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. सुपारी घेऊन कोणी आलं नाही असं मी तोवर ऐकलंच नव्हतं. घरी आलो, आबांनी विचारलं, "दिली?" मी म्हटलं, "बँडला सुपारी दिली. येतो म्हणाले." त्यात एक शब्द खोटा नव्हता. आबांच्या डोक्यात बँड म्हणजे नथ्थू मास्तर, माझ्या डोक्यात झळ. तीन महिने मी रोज स्वप्न बघत होतो, तुझ्या वरातीपुढे 'भर दुपार' वाजतंय, आणि सगळं गाव बघतंय की ह्यांना कुंदनने आणलं. कुंदनने!

लग्नाच्या दिवशी दुपारपासून फाट्यावर उभा होतो. दोन टेम्पो आले, एक बर्फाचा, एक भांड्यांचा. ऊन उतरायला लागलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्याने तारीख विचारलीच नव्हती. आणि मीही सांगितली नव्हती.

परत आलो तेव्हा आबा मांडवाबाहेर येरझाऱ्या घालत होते. "नथ्थूने दगा दिला," म्हणाले. मला कोणी काही विचारलंच नाही. मी मूग गिळून उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी आबा पाच माणसं घेऊन बोदवडला गेले, मलाही नेलं, साक्षीला. भर बाजारात त्यांनी मास्तरची कॉलर धरली. मास्तर सारखे सांगत होते, मन्हाकडे सुपारी उनीच नही, कोनीच उनं नही, आलंच नाही कोणी. आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "माझं पोरगं खोटं बोलतं का?" आणि मास्तरने माझ्याकडे पाहिलं. लोक बघत होते. मी खाली बघितलं.

पुढच्या लगनसराईत त्यांना कोणी बोलावलं नाही. सुपारी घेऊन न येणारा बँड म्हणून नाव झालं. दोन वर्षांत वाद्यं विकली, माणसं पांगली.

आबांना सांगायचं धाडस माझ्यात नाही. त्यांना काही झालं तर? तूच सांग मी काय करू.

कुंदन

◆

धुळे
२ जानेवारी २०२६

कुंदन,

तुझं पत्र आल्यापासून लिहायला बसते आणि उठते. राग एवढा होता की हातात कात्री असती तर कापड नाही, कागद कापला असता.

आबांना काही झालं तर, असं विचारतोस. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत स्प्रिंग नव्हती. तेव्हा ते एका हाताने बैल धरायचे. तेव्हा का नाही सांगितलंस? त्यांच्या काळजाची ढाल करू नकोस. तू स्वतःला जपतोयस.

पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलू. तुला एक गोष्ट मीही सांगितलेली नाही. माझ्या धाकट्या दिराचं लग्न होतं, २००६ साल. दारात एक तरुण मुलगा आला, बगलेत कापडात गुंडाळलेली क्लॅरिनेट. म्हणाला, बँडमध्ये एक माणूस कमी आहे असं ऐकलं, मी वाजवतो. मी विचारलं, कुठला तू? म्हणाला, बोदवडचा लोटन, नथ्थू मास्तरचा मुलगा. मी त्याला चारचौघांत सांगितलं की तुझ्या बापाने माझी वरात मुकी नेली, त्या घराण्याचा सूर माझ्या दारात नको. तो तसाच मागे फिरला. पाणीसुद्धा न पिता गेला. त्या दिवशी सासू पहिल्यांदा माझ्यावर खूश झाली होती. मला केवढी फुशारकी वाटली म्हणून सांगू!

नाताळच्या सुट्टीत मी बोदवडला गेले. स्वप्नील सोबत होता, त्याला बाहेर थांबवलं. लोटन आता कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. त्याने मला ओळखलं. 'या' म्हणाला नाही, पण दारातून बाजूला झाला. मास्तर खाटेवर आहेत. दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितलंय, म्हणजे काय ते तुला कळतं. बोलणं स्वच्छ आहे, मूळचे शिरपूरकडचे, अजून अहिराणीच बोलतात. मी कोण ते सांगितलं. म्हणाले, "तुन्हा लगनले मी उनू नही असं बठ्ठा म्हणतस. माले कोनी बलावंच नही, माय." इतक्या वर्षांनी पण पहिलं वाक्य तेच, सगळे म्हणतात आला नाही, पण बोलावलं कोणी! दुसरं काही त्यांना सांगायचंच नव्हतं.

मी लोटनची माफी मागितली. त्याने मान हलवली, ती होकाराची होती की नव्हती कळलं नाही. तुझं मी सांगितलं नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, गिळलं. ते सांगायचं काम तुझं आहे, आणि आबांना सोबत घेऊन सांगायचं. कॉलर ज्याने धरली त्याने जायला हवं.

माणूस जिवंत आहे तोवर जा. नंतर तिरडीला खांदा द्यायला गेलास तर मी तुझं तोंड बघणार नाही.

कामिनी

◆

फैजपूर
१९ जानेवारी २०२६

ती. अक्का,

गेलो होतो. आबांना घेऊन.

सांगायचं ठरवलं त्या सकाळी आबा ओट्यावर उन्हात बसले होते. मी हळू आवाजात सुरुवात केली. ते म्हणाले, "काय?" पुन्हा सांगितलं. "काय?" अक्का, शेवटी मला ते ओरडून सांगावं लागलं. नथ्थूला सुपारी मी दिलीच नव्हती. समोरच्या ओट्यावरच्या बायका गप्प झाल्या. दूधवाला थांबला. आबांनी शेजारची काठी उचलली. मला वाटलं आता मारतील, निदान मारावं तरी. ते एवढंच म्हणाले, "मंग कोन्त्या बँडले दिली व्हती?" मी नाव सांगितलं. त्यांना ते काही कळलं नाही. म्हणाले, "गाडी काढ."

बाजाराचा दिवस होता. आबांनी गाडी आधी बाजारात थांबवायला लावली. जिथे कॉलर धरली होती तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. आबा काठीवर उभे राहिले आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाले की नथ्थू बँडवाल्याने सुपारी घेतली नव्हती, चूक आमची होती. एक भाजीवाला पोरगा म्हणाला, "कोण नथ्थू?" कोणाला माहीतच नाही. दोन म्हातारे होते ओळखणारे. त्यातला एक म्हणाला, "आता काय त्याचं, आता डीजे असतो." आबा तिथेच एका पेटीवर बसले. त्यांना उठवायला मला वेळ लागला.

मग घरी गेलो. मास्तर फार खंगलेत. आबा खाली जमिनीवर बसले, आयुष्यात मी त्यांना दुसऱ्याच्या घरात जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "नथ्थू, मी पोराचं ऐकलं, तुझं ऐकलं नाही. माफ कर." मास्तर छताकडे बघत होते. म्हणाले, "माफी लिसन काय करू? मन्हा बँड परत येई का?"

आबांना ते ऐकू आलं नाही. आलं नाही ते बरं झालं.

मग मी सांगितलं सगळं. जळगाव, नारळ, चष्मेवाला, फाटा. लोटन दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता, त्याच्या हाताच्या मुठी वळलेल्या मला दिसत होत्या. त्याने मारलं असतं तर मी मार खाल्ला असता. मास्तर डोळे मिटून पडले होते, वाटलं झोपले. मी थांबलो तसे त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "त्यास्नी कसं वाजाडं?"

मला आधी समजलंच नाही. ते पुन्हा म्हणाले, "तू ज्यास्ले सुपारी दिधी, त्यास्नी कसं वाजाडं?"

अक्का, सत्तावीस वर्षांत त्या संध्याकाळबद्दल मला कोणी काही विचारलं नव्हतं. बायकोला सांगितलं नाही, पोरींना नाही. आणि विचारलं कोणी, तर त्यांनी. मी म्हटलं, "चांगलं वाजवलं मास्तर. फार चांगलं." वीज गेली तेव्हा ढोलवाला थांबला नाही, तेही सांगितलं. त्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाले, "थांबाले नकोच. वरातमा थांबं का बठ्ठं मोडस." बँडवाल्याने बँडवाल्याबद्दल बोलावं तसं बोलले.

मग म्हणाले, "मन्हापेक्षा चांगलं?"

'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द होता, त्यांना बरं वाटलं असतं. पण मी खोटं सोडायला म्हणून गेलो होतो, आणि 'हो' म्हणावं तर तेही मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मास्तर, तुमचं मी कधी ऐकलंच नाही."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. रागाने नाही. मग म्हणाले, "कोनीच नही आयकं रे भाऊ. बठ्ठा नाचनात."

मग त्यांनी डोळे मिटले. लोटन म्हणाला, आता जा. आम्ही उठलो.

घरी आल्यापासून मी आठवून बघतोय. झळची त्या दिवशीची सात गाणी मला आजही क्रमाने येतात, मध्ये वीज कुठल्या ओळीला गेली तेसुद्धा. आणि नथ्थू मास्तरच्या बँडपुढे मी लहानपणी फैजपूरच्या पंधरा-वीस लग्नांत नाचलो असेन. त्यांचा एक सूर मला आठवत नाही अक्का. आबांना विचारलं, त्यांनाही नाही. तुला आठवतो का? आठवत असला तर कळव. ऐकायला आता कुठे जायचं, तो बँड तर मीच बंद पाडला.

कुंदन